घुमट: तो की ते?

कुळागर
गोव्यातल्या लोकवाद्यांवरच्या एका चित्रप्रदर्शनासाठी चित्रांखाली मराठी ओळी लिहायच्या आहेत. घुमट या मातीच्या, कातड्याने मढवलेल्या वाद्याच्या चित्राखाली सध्या अशी ओळ आहे: "चवथीला घराघरांत घुमट वाजतो." शब्दकोश पाहणारे म्हणतात, घुमट पुल्लिंगी, म्हणजे ओळ बरोबर. वाद्य हाताळणारे म्हणतात, "वाजतो" असे गोव्यात कुणाच्याही तोंडी नाही, "घुमट वाजते". शिवाय देवळाचा घुमट आणि हे घुमट यांचे काही नाते आहे का? ओळ छापायला जाण्याआधी जाणकारांनी सांगावे.

मांडवीकाठ
कुळागर बाब, शब्दकोशही बरोबर आणि वाजवणारेही बरोबर. लिहायला एकच असले तरी हे दोन शब्द आहेत.

देवळाचा घुमट पुल्लिंगी: तो घुमट, अनेक असले तरी ते घुमट. वाद्य मात्र नपुंसकलिंगी: ते घुमट, अनेकवचनी ती घुमटे, बोलताना घुमटं. कोकणीत तें घुमट, तीं घुमटां. गोव्याच्या मराठीने हे लिंग कोकणीकडून घेतले असे म्हणा, किंवा दोन्ही भाषांनी एकाच अंगणातून उचलले असे म्हणा, वापर मात्र पक्का आहे.

गोंधळ होतो तो सामान्यरूप दोन्हीकडे एकच असल्यामुळे. घुमटाला, घुमटाचा, घुमटावर: इथे लिंग दिसतच नाही. ते दिसते फक्त विशेषणात आणि क्रियापदात. मंगेशीच्या देवळापुढे उभे राहून "केवढा मोठा घुमट" म्हटले तर ऐकणारा वर शिखराकडे बघेल आणि "केवढे मोठे घुमट" म्हटले तर आरतीला बसलेल्यांच्या मांडीकडे. एवढा नेमका फरक भाषा आपणहून करून देत असताना तो चित्राखालच्या ओळीत पुसून टाकू नये. "घुमट वाजते" असेच छापा.

आडवाट
नात्याबद्दल थोडे. गुंबज फारसीतून आला याबद्दल वाद नाही, आणि घुमट हा शब्द त्याच्याशी जोडला जातो. दुसऱ्या बाजूला मराठीत घुमणे आहे, नादावरून आलेले क्रियापद. विहिरीत हाक मारली की घुमते, गाभाऱ्यात आरती घुमते. वाद्याचे नाव या दुसऱ्या कुळातले वाटते, कारण त्याची ओळखच पोकळीत फिरून बाहेर येणाऱ्या आवाजात आहे. पोकळी देवळावरही असते, म्हणून दोन्ही शब्द शेजारी नांदले तर नवल नाही.

हा शब्द फक्त गोव्याचाही नाही. उत्तर कन्नडमध्ये हालक्की लोक गुमटे वाजवतात. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुडुबी समाजाच्या होळीतही गुमटेच असते. बुर्रकथा या तेलुगू कथागायनात साथीला मातीचे गुम्मेट असते. किनाऱ्याने आणि घाटापलीकडे इतके अंतर जाऊनही नाव नादाचेच राहिले.

तिसरे भावंड घुमटी. गोव्यात रस्त्याकडेच्या, वडाखालच्या छोट्या देवस्थानाला घुमटी म्हणतात. रस्ता रुंद करायला निघाला की ग्रामसभेत पहिला प्रश्न घुमटीचाच येतो, आणि तिथे कुणी "लघुमंदिर" म्हणत नाही. प्रदर्शनात घुमटीचे चित्र असेल तर तो शब्द बदलू नका.

चाकावरची माती
नाव पोकळीतल्या नादावरून पडले हे आडवाट यांचे म्हणणे वाद्य बनताना पाहिले की पटते. घुमट म्हणजे मुळात मातीचे भांडे. कातडे त्यावर नंतर येते, फाटले की बदलते. भांडे फुटले की घुमट गेले.

चित्र काढणाऱ्यांसाठी आधी आकार, कारण पुष्कळ भिंतीचित्रांत तो चुकतो. घुमटाला मटक्यासारखे बूड नसते. दोन्ही बाजूंना तोंडे असतात. मोठे तोंड साधारण वीतभर, त्यावर कातडे. मग पोट, मग अरुंद होत जाणारा गळा, आणि शेवटी तळहाताने झाकता येईल एवढे लहान उघडे तोंड. मोठ्या तोंडाला बाहेरून उठावदार कड असते. चित्रात ही कड दाखवली नाही तर दोरी कशाला धरून बसली आहे हेच कळत नाही.

भांडे चाकावर उतरते, सावलीत वाळते आणि मग भट्टीत जाते. पहिली अडचण गळ्याशी. गळा पातळ, पोट जाड ठेवले तर गळा आधी वाळून आकसतो, पोट अजून ओले असते, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे तडा जातो. म्हणून जाडी सगळीकडे सारखी हवी आणि वाळवण सावकाश हवी. कमी भाजले तर भांडे दमट हवेत ओलावा ओढते, आवाज बसका येतो, कड दोरीखाली भुगा होऊन सुटते. जास्त तापले तर मोठे तोंड वाकडे होते, आणि लंबगोल तोंडावर कातडे कधीच सारखे ताणले जात नाही. विकत घेताना कातडे नसलेले भांडे बोटाच्या पेराने टिचकावून बघावे. खणखणीत आले तर ठीक. भद्द आले तर डोळ्यांना न दिसणारा तडा आहे, मढवण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कातडे चढवण्याला मढवणे हाच शब्द: घुमट मढवणे, जसा पखवाज मढवतात. "कातडे लावणे" कळते, पण कारागीर तसे म्हणत नाही. आता बकऱ्याचे कातडे वापरतात. त्याची जाडी एकसारखी नसते, कण्याकडे जाड आणि पोटाकडे पातळ. तोंडभर तुकडा एकाच जाडीच्या भागातून काढावा, नाहीतर एक बाजू बोलते आणि दुसरी मुकी राहते. केस काढून आतली चरबी पूर्ण खरवडायची. चरबी राहिली तर वास येतो, कीड लागते आणि ताण टिकत नाही. मग भिजवून मऊ करायचे, पण पाण्यात विसरायचे नाही. फार वेळ राहिले की कुजून त्याचा चिवटपणा जातो. तोंडापेक्षा दोन-तीन बोटे जास्त कापायचे, कडेवरून खाली ओढायचे आणि कडेखाली दोरीचे बरेच फेरे घट्ट घालायचे. ओढताना समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढाव्यात. एकाच दिशेने गोल फिरत ओढत गेलात तर शेवटी सुरकुती एका जागी गोळा होते आणि ती काही केल्या जात नाही.

वाळवायचे सावलीतच. घाईने उन्हात ठेवले की कडेचा भाग आधी आकसतो, मधला ओलाच राहतो, आणि कातडे दोरीतून निसटते किंवा कडेलाच फाटते.

सुवारी
वरच्या वर्णनात एक भर. तबल्याला शाई असते, वादी असते, गठ्ठे असतात. हातोडीने स्वर चढवता उतरवता येतो. घुमटाला यातले काहीच नाही. चढवायचे म्हणजे ऊब द्यायची, एवढेच. चवथ पडते भाद्रपदात, हवा दमट, कातडे सैल पडते आणि आवाज ढिला होतो. आरतीआधी घुमटे चुलीजवळ किंवा निखाऱ्यापासून हातभर लांब धरून शेकतात. कातडे आगीकडे न धरता तिरके धरावे आणि फिरवत राहावे. मधेमधे बोटाने वाजवून बघावे. "टण" असा कोरडा आवाज यायला लागला की थांबायचे, त्यापुढे ते तडकते.

वाजवताना एका हाताची बोटे कातड्यावर आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर. मागचे तोंड जितके झाकाल तितका स्वर खाली उतरतो. थाप पडताक्षणी तळवा उचलला की आतली हवा सुटते आणि "घुम्म" असा फुगत जाणारा नाद येतो. नवशिके सगळे लक्ष बोटांवर ठेवतात आणि तळवा तोंडावर चिकटवूनच बसतात, मग घुमट डबा वाजवल्यासारखे वाटते.

शब्दांचेच बोलायचे तर "घुमट आरती" दोन सुटे शब्द करून लिहितात ते खटकते. घुमटाच्या साथीने म्हटलेली आरती, हा समास आहे. घुमट-आरती असे जोडरेघेने लिहावे. घुमट, दोन काठ्यांनी वाजवायचे शामेळ आणि कांसाळे (झांजा) मिळून होते ते सुवारी वादन. जाहिरातीत "सवारी" छापतात ते चूक, सवारी म्हणजे स्वारी.

मांडवीकाठ
सुवारी यांच्या जोडरेघेला पाठिंबा. आणखी एक सारखी दिसणारी चूक: "घुमोट". रोमी (रोमन) लिपीतल्या कोकणीत अ या स्वरासाठी ओ हे अक्षर लिहितात. त्या लेखनावरून इंग्रजीत नाव गेले, सरकारी फलकांवर आणि वर्तमानपत्रांत रुळले, आणि तिथून मराठी बातमीदार ते पुन्हा देवनागरीत आणताना "घुमोट" करतात. रोमी लिहिणाऱ्यांचे काही चुकलेले नाही, त्यांच्या पद्धतीत ते शुद्धच आहे. मांडो या गोव्याच्या ख्रिस्ती समाजातल्या गीतप्रकाराच्या साथीला व्हायोलिनबरोबर घुमट जपले ते याच लोकांनी. चूक परत आणणाऱ्याची. देवनागरीतली कोकणी राजभाषा ठरवणाऱ्या 1987 च्या राजभाषा कायद्यापासून लिपीचा वाद गोव्यात कुणाच्याही जिव्हारी लागतो, म्हणून हे नीट सांगणे बरे: देवनागरीत घुमट, रोमीत त्यांचे ते.

पाटाचे पाणी
कातड्याबद्दल एक गोष्ट चित्राखालच्या मजकुरात येणे गरजेचे आहे. पूर्वी घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवत. ते पातळ असूनही चिवट, म्हणून त्याचा आवाज वेगळा, आणि जुने कान अजून त्याच आवाजाशी तुलना करतात. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार, कातड्याची विक्री, त्याने नवे घुमट मढवणे, सगळाच गुन्हा, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षे कैद. "जुन्या घुमटावर फक्त नवे कातडे घालतो" ही पळवाट नाही. घरात वाडवडिलांचे तसे घुमट असेल तर त्याच्या नोंदीबद्दल वन खात्याकडेच विचारावे. ते विकू नये, भेटही देऊ नये.

म्हणून "घुमट: घोरपडीच्या कातड्याचे वाद्य" अशी व्याख्या अजून छापली जाते ती काढून टाकायला हवी. ती कायद्याने कालबाह्य आहे आणि भाषेच्या दृष्टीनेही चूक. बकऱ्याचे कातडे आले तेव्हा कुणी नवे नाव शोधले नाही. घुमट घुमटच राहिले, कारण नाव मातीच्या पोकळीचे होते.

चाकावरची माती
आणि आता ती मातीच अडचणीत आहे, हे कुणीतरी बोलायला हवे. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, चांगले झाले. पण चिकण माती येते शेतांतून. गोव्यात नुसते "रूपांतर" म्हटले की त्याचा अर्थ एकच, शेतजमिनीचे बांधकामाच्या जमिनीत रूपांतर. कथेतले किंवा रसायनातले रूपांतर इथे कुणाला आधी सुचत नाही. नगरनियोजन कायद्यातली या रूपांतराशी निगडित 17(2) आणि 39 अ ही कलमे ग्रामसभेत लोक तोंडपाठ म्हणतात. भराव पडलेल्या शेतातली माती कुंभाराला पुन्हा मिळत नाही. खडी, चुनखडी किंवा भरावाचे लाल डबर मिसळलेली माती चाळूनही कामाला येत नाही. चुनखडीचा एक खडा राहिला तरी भाजल्यानंतर तो ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याची खपली उडवतो. वाद्याला वारसा म्हणायचे आणि त्याचे शेत रूपांतरात घालायचे, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत. प्रदर्शनात डिचोलीच्या कुंभारकामाचे एखादे चित्र असेल तर ते घुमटाच्या शेजारीच लावा.

कुळागर
सर्वांचे उपकार. आता ओळ अशी केली आहे:

"घुमट (नपुं.). भाजलेली माती, बकऱ्याचे कातडे, सुतळी. चवथीला घराघरांत घुमट वाजते. आरतीला घुमटे, शामेळ आणि कांसाळे यांची साथ असते."

चाकावरची माती
एकच सुचवतो. "सुतळी" काढून "दोरी" लिहा. सुतळी म्हणजे तागाची. मढवताना घट्ट पिळाची दोरी लागते. आणि चित्रात ती दोरी कडेच्या खाली आहे ना, कडेवर नाही, तेवढे छापण्याआधी बघा.