गेम ओव्हर म्हणजे सगळं पहिल्यापासून?

काहीजण म्हणतात की १९८५ च्या सुपर मारियो ब्रदर्स या व्हिडिओ गेममध्ये गेम ओव्हर झालं की थेट १-१ पासून, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरुवात. अगदी तसं नाही. टायटल स्क्रीनवर ए बटण दाबून ठेवून स्टार्ट दाबलं की ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्या पहिल्या लेव्हलपासून खेळता येतं. स्क्रीनवर मात्र याचा पत्ता लागू देत नाहीत, त्यामुळे मीही कित्येक दिवस बिचाऱ्या १-१ चीच पारायणं केली.

आणखी एक गंमत आहे. ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवर कासवाच्या कवचावर उड्या मारत लाइफ जमवायची युक्ती बहुतेकांना ठाऊक असेल. पण हाव सुटली की घात होतो. लाइफचा आकडा एकाच बाइटमध्ये (मेमरीचा छोटासा खण, ज्यात ऋण-धन धरून १२७ पर्यंतच आकडा मावतो) ठेवलाय आणि मेल्यावर गेम फक्त तो ऋण, म्हणजे शून्याखाली, झालाय का एवढंच बघतो. १२७ च्या फार पुढे गेलात की तो ऋण धरला जातो, आणि पुढच्याच मरणाला गेम ओव्हर! याउलट २०१७ च्या सुपर मारियो ओडिसी या गेममध्ये लाइफच नाहीत, मेलं की १० नाणी जातात. सोयीचं आहे, पण मेल्याचं दुःखच होत नाही.