मायएसक्यूएल ८.० केल्यापासून गटांची यादी उघडेना, पासबुकाच्या ओळीही उलटसुलट

खतावणी:
आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. ते पीएचपी ७.० या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय, जुनंच आहे. शनिवारी रात्री बॅकअप घेऊन मायएसक्यूएल या डेटाबेसचं ५.७ वरून ८.० केलं. आधी अ‍ॅप डेटाबेसला जोडलंच जाईना, एरर २०५४. अ‍ॅपसाठी नवा युजर काढला होता, त्याला जुनं नेटिव्ह पासवर्ड प्लगइन (पासवर्ड तपासायची जुनी पद्धत) लावल्यावर ते सुटलं. आता गटांची यादी उघडली की एरर १०६४, सिंटॅक्स चुकलाय म्हणे. क्वेरी साधी आहे, 'सिलेक्ट स्टार फ्रॉम ग्रुप्स', म्हणजे ग्रुप्स टेबलमधलं सगळं दाखव. चार वर्षांत तिला हात लावलेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागलीय. सोमवारी एक मावशी पासबुक छापून घ्यायला आल्या. पहिल्याच ओळीत उचल १,५०० रुपये, शिल्लक उणे १,५००. भरणे सगळे त्याच्या खाली. "अगं, मी भरायच्या आधीच उचलले होय?" शेवटची शिल्लक जुळते, मधल्या ओळी नाहीत. लॉगमध्ये एकही एरर नाही. छपाई थांबवलीय. परत ५.७ वर जाऊ का?

रातपाळी:
नका जाऊ. ८.० ने उघडलेली डेटा डिरेक्टरी ५.७ ला चालत नाही. शनिवारचा बॅकअप चढवावा लागेल आणि सोमवारच्या नोंदी जातील.
'ग्रुप्स' हा ८.० मध्ये राखीव शब्द (डेटाबेसने स्वतःच्या आज्ञांसाठी राखलेला) झालाय, 'रँक'सुद्धा. टेबलच्या नावाभोवती बॅकटिक (` हे चिन्ह) लावा. जॉइनमधले, म्हणजे दोन टेबलं जोडणाऱ्या क्वेऱ्यांमधले, विसरू नका. मायएसक्यूएल शेल या साधनातला अपग्रेड चेकर अशी टेबल-कॉलमची नावं दाखवतो, पण पीएचपीत लिहिलेल्या क्वेऱ्या त्याला दिसत नाहीत. त्या तुम्हालाच शोधाव्या लागतील.

जुना डीबीए:
ताई, पासबुकाच्या क्वेरीत तारखेवर ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणारं) आहे आणि ऑर्डर बाय (ओळींचा क्रम लावणारं) नाही, असं असणार. ५.७ पर्यंत ग्रुप बाय केलं की ओळी त्याच क्रमाने लागून यायच्या. ८.० ने ते बंद केलं. आता बऱ्याचदा नोंदी चढवल्या त्या क्रमाने येतात, पण त्याचीही हमी नाही. शिल्लक लूपमध्ये ओळीमागून ओळ मिळवत असाल तर असंच होणार. ऑर्डर बाय लिहाच.
आणि ते नेटिव्ह पासवर्ड तात्पुरतंच ठेवा. मायएसक्यूएल ८.४ मध्ये ते मुळात बंद असतं, ९.० मध्ये काढूनच टाकलंय. नवी पद्धत चालावी म्हणून पीएचपी निदान ७.४ तरी करा.

खतावणी:
दादा, अगदी तेच! मावशींचे भरणे गटाच्या वहीवरून मागाहून चढवले होते, म्हणून उचल वर आली. ऑर्डर बाय तारीख लावलं. तशाच आणखी नऊ क्वेऱ्या सापडल्या, त्यात व्याजाचा अहवालही. 'ग्रुप्स'ला सगळीकडे बॅकटिक लागले. पीएचपीचं काम पुढच्या महिन्यात धरलंय.
मावशींचं पासबुक पुन्हा छापलं. पहिली ओळ: भरणा २००, शिल्लक २००. छपाई थांबवण्याआधी अशी अकरा पासबुकं गेली आहेत, त्या बायकांना आज एकेक करून फोन लावतेय.