किंगडम तेरा वर्षांच्या मुलाला दाखवावी का

वर त्या ताईंनी विचारलंय की तेराव्या वर्षी मुलगा किंगडम ही कोरियन झॉम्बी सिरीज बघायचा हट्ट करतोय, आणि खाली दोघातिघांनी लिहिलंय की ऐतिहासिक आहे, राजेराजवाडे आणि तलवारबाजी, बघू दे. मला नाही पटलं. नेटफ्लिक्सने ती मोठ्यांसाठीच ठेवलीये आणि ते बरोबरच आहे.

नुसती मारामारी असती तर मी काही बोललेच नसते, पण पहिल्याच एपिसोडमध्ये उपाशी रुग्णांना हरणाचं मटण म्हणून सूप वाढतात, ते असतं मेलेल्या माणसाचं, आणि ते भुकेले लोक किती आनंदाने वाट्या रिकाम्या करतात ते कॅमेरा अगदी निवांत दाखवतो, मग तेच लोक तडफडून झॉम्बी होतात, त्यात लहान मुलंही आहेत. तो सीन माझ्या डोक्यातून आठवडाभर गेला नव्हता, मुलाचं काय होईल. दुसऱ्या सीझनमध्ये तर राणीला मुलगा हवा म्हणून आणून ठेवलेल्या गरोदर बायकांचा धागा आहे, तो रक्तापेक्षा जास्त त्रास देतो. 2021 चा अशिन नावाच्या पात्रावरचा स्पेशल भाग तर मुळीच नको, त्यात लैंगिक अत्याचाराचंही सूचन आहे.

सिरीज मात्र जबरदस्त आहे हां, जोसोन काळातली, म्हणजे कोरियातल्या जुन्या राजघराण्याच्या काळातली उपासमार आणि दरबारातली सत्तेची हाव फार भेदक दाखवलीये. म्हणूनच सोळाच्या पुढे, तेही सोबत बसून बघा. सीन पुढे ढकलून दाखवू म्हणाल तर भूक आणि ते सूप हाच कथेचा पाया आहे, ते काढलं तर पुढचं काही कळणारच नाही. ताई, आधी तुम्ही पहिले दोन एपिसोड एकट्याने बघा.