मदत हवी आहे: कंपनीने सोडून दिलेला डीव्हीआर आणि वाय-फाय कॅमेरे नेटवर ठेवावेत का?

लूमशेड_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. घर सोलापुरात, पूर्व भागात. खाली यंत्रमागाचा शेड, वर राहणं. सध्याची मांडणी अशी:

चार बुलेट कॅमेरे कोॲक्स वायरने चार चॅनलच्या डीव्हीआरला (रेकॉर्डिंग करणारा डबा) जोडलेले. डीव्हीआर २०१६ चा, डब्यावर धड ब्रँड नाही, मागे स्टिकरवर सिरीयल आणि क्यूआर. फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) २०१७ चं, त्यापुढचं कुठंच मिळत नाही. शिवाय दोन वाय-फाय कॅमेरे, एक जिन्यात आणि एक आजीच्या खोलीत. त्यांचं ॲप प्ले स्टोअरवरून गेलंय, जुन्या फोनवर तेवढं चालतं.

पुण्यातून भावाला शेड बघावा लागतो, त्यामुळे बाहेरून दिसणं बंद करून चालणार नाही. पासवर्ड बदलला की भागेल का? आणि आत्ताच कुणी आत शिरलेलं असेल तर ओळखायचं कसं? सगळं नवीन घ्यायचं बजेट नाही.

गाठनिरगाठ

आधी दोन गोष्टी बघून सांगा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (केबलवाल्याने दिलेला बाहेरचा पत्ता) कोणता दिसतो? आणि फिंग ॲपने डीव्हीआरचे उघडे पोर्ट (जोडणी स्वीकारणारी दारं) तपासा. २३, ८०, ५५४, ८०००, ३४५६७, ३७७७७ यांपैकी कोणते दिसतात?

लूमशेड_पूर्वभाग

वॅन आयपी १०० ने सुरू होतो, पुढे ७२. उघडे पोर्ट २३, ८०, ५५४, ३४५६७. राउटरमध्ये यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) चालू आहे.

चौकट_४

१००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे सीजीनॅट. केबलवाल्याने एकच सार्वजनिक आयपी शेकडो घरांत वाटलाय. बाहेरून कुणाला तुमच्या डीव्हीआरपर्यंत येताच येणार नाही. निवांत राहा की.

गाठनिरगाठ

निवांत राहण्यासारखं नाही. सीजीनॅटमुळे पोर्ट स्कॅन करणारे अडतात, ते खरं. पण भावाला पुण्यात चित्र दिसतंच आहे ना? म्हणजे पोर्टशिवायचा रस्ता उघडा आहे. डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर, कंपनीच्या पी२पी सर्व्हरकडे जोडणी धरून ठेवतो आणि ॲप त्या सर्व्हरमार्फत आत येतं. त्या वाटेवर सीजीनॅटही आडवा येत नाही आणि राउटरची फायरवॉलही.

३४५६७ उघडा आहे म्हणजे आतला बोर्ड बहुधा शियाँगमाई या चिनी कंपनीचा, वर नाव कुणाचंही छापलेलं असो. या बोर्डांबद्दल सेक कन्सल्ट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जे मांडलं ते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. क्लाउड आयडी मॅक पत्त्यावरून (यंत्राचा कारखान्यातला नेटवर्क नंबर) बनतो, त्यामुळे अंदाजाने शोधता येतो. ॲडमिनचा पासवर्ड मुळात कोरा असतो. आणि यूजरच्या यादीत न दिसणारं ‘डिफॉल्ट’ नावाचं एक खातं असतं, ज्याने चित्र बघता येतं. तुम्ही ॲडमिनचा पासवर्ड कितीही अवघड ठेवा, ते खातं जागच्या जागी राहतं. म्हणून नुसत्या पासवर्डने भागणार नाही.

२३ म्हणजे टेलनेट, दुरून यंत्राला आदेश द्यायची जुनी वाट. २०१६ मधला मिराई हा व्हायरस याच दारातून, २३ आणि २३२३ वरून, कारखान्यातून आलेल्या साठेक यूजर-पासवर्ड जोड्या लावून कॅमेरे आणि डीव्हीआर पकडत होता. त्याच पकडलेल्या यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. २०२४ मध्ये ॲव्हटेकच्या एव्हीएम१२०३ कॅमेऱ्यात ब्राइटनेस बदलण्याच्या आदेशातली चूक वापरून मिराईचीच एक जात पसरत होती. मॉडेल आधीच बंद झालेलं, त्यामुळे पॅच नाहीच.

लूमशेड_पूर्वभाग

मग आत कुणी आहे का हे कसं कळणार? गूगल अधूनमधून ‘तुम्ही रोबो नाही ना’ विचारतं.

गाठनिरगाठ

तो पुरावा धरू नका, सीजीनॅटवर शेजाऱ्याच्या उपद्व्यापानेही तसं होतं. त्यापेक्षा कुणीही ॲप उघडलेलं नसताना राउटरमध्ये डीव्हीआरचा अपलोड बघा. सतत वाहत असेल तर शंका घ्या. डीव्हीआरच्या यूजर यादीत अनोळखी नाव किंवा बदललेला डीएनएस दिसला तरी तेच. काही सापडलं नाही म्हणून स्वच्छ आहे असं मात्र नाही. लागण झालेली आहे असं धरूनच कामाला लागा.

आता क्रम महत्त्वाचा. मिराई मेमरीत राहतो, बंद-चालू केलं की जातो, पण वाट उघडी असेल तर थोड्याच वेळात परत येतो. म्हणून आधी वाट बंद, मग रीस्टार्ट, मग पासवर्ड. बरेच जण नेमकं उलटं करतात.

राउटरमध्ये यूपीएनपी बंद, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये काही नोंद असेल तर काढा. तिथंच लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.७७.१ करा (कारण पुढे येईल). डीव्हीआरमध्ये डीएचसीपी (आपोआप पत्ता घेणं) बंद करून स्थिर आयपी द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.७७.५०. गेटवे (नेटवर बाहेर जायचा रस्ता) रिकामा ठेवा. मेनू रिकामा घेत नसेल तर न वापरलेला पत्ता द्या, १९२.१६८.७७.२५३ चालेल. नेटसर्व्हिसमध्ये क्लाउडची खूण काढा. शिवाय राउटरवर डीव्हीआरच्या मॅकला इंटरनेट बंद करा. दोन्ही करायचं, कारण बिघडलेला डबा गेटवे स्वतः बदलू शकतो. मग अर्धा मिनिट प्लग काढून ठेवा, लावा, पासवर्ड बदला.

लूमशेड_पूर्वभाग

मग भाऊ बघणार कसा?

गाठनिरगाठ

घरात एक रास्पबेरी पाय ३ किंवा ४ (छोटा कॉम्प्युटर) लॅन वायरने राउटरला लावा आणि त्यावर टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांमधलं खासगी नेटवर्क (व्हीपीएन). सीजीनॅटमागेही चालतं. साधा वायरगार्ड (दुसरं व्हीपीएन) सर्व्हर घरी बसवला तर सार्वजनिक आयपी लागतो, तो तुमच्याकडे नाही. पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा, घरच्या सबनेटचा (१९२.१६८.७७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा) रूट जाहीर करा. भावाच्या मोबाईलवर टेलस्केल, आणि चित्रासाठी व्हीएलसी प्लेअरमध्ये डीव्हीआरचा आरटीएसपी (थेट चित्राचा) पत्ता.

लोक अडकतात ते तीन ठिकाणी. एक, जाहीर केलेला रूट टेलस्केलच्या ॲडमिन पानावर मंजूरही करावा लागतो. दोन, पायची टेलस्केलमधली ओळख-किल्ली (की) मुदतीने संपते, मूळ मुदत १८० दिवस. त्या यंत्रापुरती ती मुदत बंद करा, नाहीतर ऐन गड्डा यात्रेच्या गर्दीत शेड दिसेनासा होईल. तीन, घरचं आणि पुण्यातलं वाय-फाय दोन्ही १९२.१६८.१ चंच असेल तर फोन सोलापूरचा डीव्हीआर पुण्यातच शोधत बसतो. घरचा पत्ता ७७ चा केला तो त्यासाठी.

गेटवे नसताना डीव्हीआर उत्तर कसं देणार, ही शंका येईल. लिनक्सवरचं टेलस्केल बाहेरून आलेली विनंती पायच्या स्वतःच्या लॅन पत्त्याने पुढे देतं. डीव्हीआरला वाटतं घरातूनच विचारलंय.

कोॲक्स_कारभारी

हार्डवेअरचं थोडं. तुमचे चार बुलेट कॅमेरे नेटवर्कवर नाहीतच, कोॲक्सवरून फक्त चित्र जातं. पुढेमागे पैसे झाले की एकटा डीव्हीआर बदला. वायर, कॅमेरे, १२ व्होल्टचा सप्लाय सगळं तसंच राहील. नवी पेठेत घ्यायला जाताना कॅमेऱ्याच्या स्टिकरवर टीव्हीआय, सीव्हीआय की एएचडी (कोॲक्सवरून चित्र पाठवायचे प्रकार) ते बघून जा. जुनी हार्ड डिस्क चालेल, पण नवा डबा ती फॉरमॅट मागतो. हवं ते रेकॉर्डिंग आधी पेन ड्राइव्हवर घ्या. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने दिवसाला साधारण ८६ जीबी खातात, म्हणजे १ टीबीत अकरा दिवस. आणि डबा शेडमध्ये ठेवू नका. सुताची धूळ जाळीत बसते, वर मे महिन्यातलं सोलापूर; डिस्क आधी जाते.

लावून देणाऱ्याने तो डीव्हीआर स्वतःच्या मोबाईलवरच्या खात्यात तर जोडला नाही ना, तेही विचारा. नव्या डब्याच्या वेळी खातं तुमच्याच नंबरवर उघडा.

डीव्हीआरचं वेब पान बघायला कुणी विंडोज ७ चा पीसी जपून ठेवत असेल तर तोही नेटवरून काढा. त्या पानाला लागणाऱ्या ॲक्टिव्हएक्स प्लगइनसाठी इंटरनेट एक्सप्लोरर लागतो म्हणून लोक तो ठेवतात. एक्सप्लोरर ११ चा सपोर्ट जून २०२२ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये.

लूमशेड_पूर्वभाग

वाय-फायवाल्या दोघांचं काय? तेही पायमागे ठेवता येतील?

गाठनिरगाठ

त्यात आरटीएसपी किंवा ऑनव्हीफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे जोडायची सामाईक पद्धत) असेल तर जिन्यातला तसा ठेवता येईल. नसेल तर ते क्लाउडशिवाय मुके आहेत, काढून टाका. आजीच्या खोलीतला मात्र आजच काढा, आरटीएसपी असो-नसो. गेस्ट वाय-फायवर टाकू म्हणाल, तर त्याने घरचे बाकी फोन-पीसी वाचतात, खोलीतलं चित्र वाचत नाही. काढल्यावर मेमरी कार्ड बाहेर घ्या, रीसेट करा, मगच भंगारात द्या, आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदला. जुना त्या कॅमेऱ्यात साठलेला असतो. नवीन घेताना एसटीक्यूसी ही सरकारी चाचणी झालेलं मॉडेल मागा, ९ एप्रिल २०२५ पासून विक्रीसाठी ती सक्तीची आहे.

लूमशेड_पूर्वभाग

डीव्हीआरचं केलं, भावाला दिसतंय. आजीच्या खोलीतला उतरवला. पण डीव्हीआरचं घड्याळ मागे पडतंय.

गाठनिरगाठ

पडणारच, नेट नाही तर वेळ कोण देणार. पायवर क्रोनी (वेळ पुरवणारं सॉफ्टवेअर) बसवा, त्यात घरच्या सबनेटला परवानगी द्या आणि डीव्हीआरच्या एनटीपीत (वेळ कुठून घ्यायची ते ठरवणारं सेटिंग) पायचा आयपी टाका. टाइमझोन जीएमटी अधिक ५:३० आहे ना ते बघा. पाय, राउटर आणि डीव्हीआर तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या.