'मोहीम' की 'शोधसफर'?

दांडियाबाजारकर: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकवर लेख लिहिलाय. त्यात वाक्य आहे, "१७६८ साली कुकची मोहीम एंडेव्हर जहाजातून निघाली." संपादक काकांनी 'मोहीम'वर काट मारून 'शोधसफर' केलं, म्हणाले मोहीम लष्कराची असते, शास्त्रज्ञांची नाही. मग चांद्रयान मोहीम कशी चालते? बडोद्यातल्या जुन्या लोकांनी सांगा.

रावपुऱ्याची मावशी: काकांचं बरोबर आहे. मोहीम म्हटलं की मला पानिपतच दिसतं. पण सफर तरी कशाला, तो अरबी शब्द, सरळ 'शोधयात्रा' लिही.

सुरसागर_काठ: मावशी, मोहीमही अरबीच, मूळ 'मुहिम्म' म्हणजे महत्त्वाचं काम. म्हणजे लढाई नंतर चिकटली असं माझं मत. आणि कुकच्या बाबतीत ती चिकटलेलीच बरी. रॉयल सोसायटी ह्या इंग्रज शास्त्रज्ञांच्या संस्थेला १७६९चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यासमोरून सरकताना, ताहितीहून बघायचं होतं हे खरंच, पण जहाज नौदलाचं आणि कुकजवळ नौदलाचे सीलबंद हुकूम, की नंतर दक्षिणेचा खंड शोधायचा. १७७०त त्याने ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा राजाच्या नावावर करूनही टाकला, तिथे माणसं राहत होती तरी. सफर लिहिलंत की हे सगळं धुऊन निघतं!

मोजणीवाला: माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली म्हणून लिहितो. आपल्याकडे मोजणी करणारा लॅम्बटन बघा, इंग्रजांच्या ३३व्या पलटणीतला अधिकारी, श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. १७९९ला टिपू पडला, मुलूख इंग्रजांच्या हाती आला आणि लगेच ह्याने मोजणीचा प्रस्ताव मांडला, १८०२ला मद्रासजवळ आधाररेषा, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर बेतायची ती पहिली रेषा, आखली. आधी फौज, मागून मोजणीची साखळी. १८२३ला हिंगणघाटला वारला, नागपूरला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम तिथे उतरून कबर बघून आलो, बराच वेळ उभा होतो, माणूस कामाचा पक्का होता हो.

रावपुऱ्याची मावशी: पण त्याच लॅम्बटनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, ते कोन मोजायचं यंत्र, येताना फ्रेंच जहाजाने पकडून मॉरिशसला नेला होता आणि तिथल्या गव्हर्नरने तो मद्रासला पाठवून दिला ना? युद्ध चालू असताना! म्हणजे शास्त्राचा मान वेगळा होता, मग शब्दही वेगळा नको का?

सुरसागर_काठ: मान होता, मान्य. पण त्या नकाशांवर पुढे राज्य कोणी केलं? आणि यात्रा म्हणायचंच तर इंग्रजांच्या सर्व्हेसाठी काम करणाऱ्या नैनसिंग रावतची म्हणा. तिबेटात सर्व्हेची परवानगी नव्हती म्हणून वेष बदलून १८६६त ल्हासाला पोचला, हातात १०८ऐवजी १०० मण्यांची माळ, पावलं मोजायला, आणि प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. यात्रा वेषापुरती, काम सरकारचं.

काठियावाडी_जावई: तुम्ही सगळे घरचा शब्द विसरलात, 'मुलूखगिरी'! गायकवाडांचं लष्कर काठियावाडात खंडणी वसुलीला जायचं ती मुलूखगिरी, १८०७ला वॉकर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने खंडणी ठरवून दिल्यावर ते थांबलं. आमच्याकडे आजोबा मात्र उन्हात भटकून आलेल्या नातवंडांनाही "करून आलात मुलूखगिरी?" असंच विचारायचे. कुकला ह्याच्याइतका चपखल शब्द नाही, हिंडणं पण आलं आणि वसुली पण.

दांडियाबाजारकर: शब्द झकास आहे पण काका तो अजिबात घेणार नाहीत. मोहीम ठेवू का बदलू तेवढं सांगा ना, अंक छपाईला जायचाय.

मोजणीवाला: साखळीवरून आठवलं, आपला 'गुंठा' इंग्रज गुंटरच्या मोजणीच्या साखळीवरून आला असावा असं मला वाटतं. ती ६६ फुटांची, गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस, असे ४० की एक एकर. राज्यकर्त्याचं माप आपल्या शेतात असं शिरतं.

काठियावाडी_जावई: नाही पटत भाऊ. कानडीत गुंटे आहे, तेलुगूतही आहे, सगळीकडे एकच साहेब पोचला का? जुन्या मापाला इंग्रजांनी एकराशी जुळवून घेतलं असेल.

मोजणीवाला: जुळवलं म्हणजे बदललंच ना!

रावपुऱ्याची मावशी: थांबा, आजेसासऱ्यांचं मोडीतलं खरेदीखत आहे कपाटात. त्यात गुंठे आहेत की बिघेच, उद्या वाचून घेते आणि लिहिते.