मालुइन्येर : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील सॅं-मालो या बंदराविषयी मराठीत लिहिताना 'मालुइन्येर' हा शब्द वारंवार येतो. सॅं-मालोच्या रहिवाशाला फ्रेंचमध्ये 'मालुअँ' म्हणतात आणि त्यावरून तेथील जहाजमालकांनी शहराबाहेर बांधलेल्या घरांना हे नाव पडले. यांपैकी बहुतेक घरे साधारण १६५० ते १७३० या काळातली आहेत आणि त्यांतली शंभराहून अधिक आजही उभी आहेत. या शब्दासाठी वाडा, हवेली आणि कोठी असे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

माझा कौल 'वाडा' या शब्दाला आहे. मालकाची प्रतिष्ठा, भोवतालची उंच दगडी भिंत, आवारातच असलेले छोटे प्रार्थनामंदिर, कबुतरखाना, तबेले आणि नोकरचाकरांच्या खोल्या हे सारे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर या एका शब्दाने उभे राहते. 'कोठी' मात्र टाळावी, कारण मराठीत तिचा पहिला अर्थ धान्य किंवा माल साठवण्याची जागा असा होतो आणि वखारीशी तिची सरमिसळ होईल.

प्रतिसाद २

'कोठी'विषयीचे आपले म्हणणे मान्य आहे, परंतु 'वाडा' या शब्दाने घराची रचनाच उलटी होते. वाडा आतल्या बाजूला उघडतो. त्याचा जीव चौकात असतो, उजेड आणि वारा चौकातून खेळतो, आणि रस्त्याकडची भिंत बरीचशी बंद असते. मालुइन्येरला चौक नसतो. ती बागेच्या मध्यावर उभी असलेली, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या असलेली सडसडीत इमारत आहे आणि तिचे सगळे सौंदर्य दर्शनी बाजूच्या काटेकोर सममितीत आहे. चुन्याचा फिकट गिलावा, खिडक्यांच्या चौकटींना व इमारतीच्या कोपऱ्यांना उघडा ठेवलेला ग्रॅनाइट, वर पाटीच्या दगडाचे उंच, तीव्र उताराचे छप्पर आणि त्याहून वर गेलेली दणकट धुराडी, एवढ्यावर ती लांबून ओळखता येते. हा ग्रॅनाइट पुष्कळदा समोरच्या शोझे बेटांवरून होडीने आणलेला असे. अलंकरण इतके कमी का, याचे एक कारण असे दिसते की, वोबां या प्रसिद्ध फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेला गारांजो हा राजाचा अभियंता त्या काळी सॅं-मालोच्या तटबंदीवर काम करत होता आणि लष्करी बांधकामाची ती करडी शिस्त या घरांतही उतरली.

ही घरे का बांधली गेली, हेही शब्द निवडताना ध्यानात घ्यावे लागते. तटाच्या आतले शहर अत्यंत दाटीचे होते. १६६१च्या मोठ्या आगीत तेथील लाकडी घरांचा बराच भाग जळाला आणि त्यानंतर दगडी बांधकामावर भर आला, पण जागा काही वाढली नाही. दुसरीकडे पैसा वाढत होता. न्यूफाउंडलंडची कॉड मासळी, स्पेनच्या काडिझ बंदरामार्गे होणारा व्यापार, पेरूची चांदी, आणि १७०८ ते १७१३ दरम्यान येमेनच्या मोखा बंदरातून थेट आणलेली कॉफी यांवर हे जहाजमालक गबर झाले. तरीही ते बंदरापासून फार लांब गेले नाहीत. क्लो-पुले या लगतच्या भागात, घोड्यावरून थोड्या वेळात गाठता येईल एवढ्याच अंतरावर त्यांनी घरे बांधली, कारण जहाज लागल्याची वर्दी येताच मालकाला धक्क्यावर हजर राहावे लागे. हे अंतर मालुइन्येरच्या व्याख्येचाच भाग आहे असे मी मानतो, आणि जहागीरदाराच्या गावातील वाड्यात नेमकी तीच गोष्ट नसते.

दोन उदाहरणे देतो. सॅं-कुलों येथील 'ला व्हील बाग' हे घर गीयोम एओं याने १७१५ मध्ये बांधले. त्याच्या दिवाणखान्यात पेरू जिंकणारा स्पॅनिश सेनानी पिझारो तेथे उतरल्याचा देखावा असलेला, चारही भिंतींवर सलग फिरणारा छापील कागद आहे. तो एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे घराहून शंभर वर्षांनी तरुण आहे, पण ज्या देशाच्या चांदीवर सॅं-मालो उभे राहिले त्याचेच चित्र तेथे लागावे हे फार समर्पक वाटते. दुसरे राँस नदीकाठचे 'मोंमारँ', हे मागों घराण्यातील एकाने १७५८च्या सुमारास बांधले. त्याचे गोलाईदार छप्पर उपड्या गलबतासारखे दिसते. काळ आणि शैली दोन्ही वेगळी असूनही त्याला मालुइन्येरच म्हणतात; म्हणजे हा शब्द एका ठरीव नकाशापुरता मर्यादित नाही, मालकाच्या धंद्याशी आणि गावाशी तो बांधलेला आहे.

म्हणून मूळ शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला 'सॅं-मालोच्या जहाजमालकाचा बागबंगला' असा खुलासा जोडावा. 'बंगला' म्हटले की चारही बाजूंनी मोकळे, आवारात सुटे उभे असलेले घर मराठी वाचकाला आपोआप कळते. 'हवेली'त शहरी गल्लीचा वास येतो, म्हणून ती नको.

प्रतिसाद ३

'बागबंगला' पटला. त्याला लागून एक सूचना करतो. 'अर्मातर' या मूळ फ्रेंच शब्दासाठी 'जहाजमालक' चालेल, 'नाखुदा' (जहाजाचा कप्तान) चालणार नाही. अर्मातर जहाज सज्ज करतो, भांडवल आणि भागीदार जमवतो, खलाशांची भरती करतो, पण स्वतः जहाजावर असतोच असे नाही. त्याहून महत्त्वाचा शब्द 'कोर्सेर'. या जहाजमालकांतील अनेकांनी युद्धकाळात राजाच्या लेखी परवान्याने शत्रूची जहाजे धरली आणि त्या लुटीचा वाटा या घरांत मुरला. त्यांना सर्रास 'चाचे' म्हणू नये. १८०० मध्ये सॅं-मालोच्या सुर्कूफने बंगालच्या उपसागरात 'केंट' हे इंग्रजांचे जहाज जिंकले, तेही असाच परवाना घेऊन. इंग्रजी कागदपत्रांत सरखेल कान्होजी आंग्रे यांनाही चाचा म्हटलेले असताना मराठीत हा शब्द तरी तोलूनमापूनच वापरला पाहिजे. 'परवानाधारी दर्यावर्दी' हे लांबते, पण अर्थ नेमका देते.

लिंगाविषयी : फ्रेंचमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे आणि मराठीतही 'ती मालुइन्येर' कानाला खटकत नाही. अनेकवचन 'मालुइन्येरी' आणि सामान्यरूप 'मालुइन्येरीत', 'मालुइन्येरीचे' असे, म्हणजे 'विहीर'प्रमाणे, चालवावे.