अनुभव धागा: तुमच्या चोवीस तासांचा हिशेब काय सांगतो?

आहाराचा कुठलाही तक्ता उघडा, पहिला प्रश्न तोच: काम बैठं, मध्यम की कष्टाचं? बहुतेक जण अंदाजाने खूण करतात आणि पुढचा सगळा हिशेब त्या अंदाजावर उभा राहतो. म्हणून गोव्यातल्या मंडळींना विनंती केली होती की नेहमीचा एक दिवस वहीत मांडा आणि काय दिसलं ते कळवा.

पद्धत सोपी आहे. चोवीस तास कशाकशात गेले ते लिहायचं. प्रत्येक कामाला एक गुणक आहे: झोपेला १, बसून टीव्ही, जेवण, गप्पा यांना साधारण १.४, टेबलावरच्या कामाला १.५, गाडी चालवण्याला २, स्वयंपाकाला २.१, झाडलोट-धुणीभांडी २.८, साधं चालणं ३.२, झपझप चालणं ४ च्या आसपास. तास गुणिले गुणक, सगळ्याची बेरीज, भागिले २४. जो आकडा येतो तो सांगतो की शरीर नुसतं स्वस्थ पडून जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्याच्या किती पट तुमच्या दिवसाला लागते. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना), डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी २००१ साली याचे गट केले: १.४० ते १.६९ बैठी किंवा हलकी, १.७० ते १.९९ मध्यम, २.०० ते २.४० कष्टाची.

फोंडा, शिक्षिका

मी माझा आणि यांचा, दोघांचाही दिवस मांडला. माझी झोप ७ तास, शाळा ६ (निम्मा वेळ उभी असते, म्हणून १.७ धरले), स्वयंपाक २, घरकाम २, स्टॉपपर्यंत आणि परत चालणं मिळून १, कदंब बसमध्ये बसून १ (गुणक १.२), उरलेले ५ तास वह्या, जेवण, टीव्ही. बेरीज ३८.४, म्हणजे १.६.

यांची झोप तेवढीच. पणजीला ऑफिस ९ तास, गाडी चालवणं २, आंघोळ-आवराआवर १, बसून ४, आणि न चुकता १ तास जिम, त्याला मी ५ चा गुणक दिला. आकडा आला १.५६. घरात आजवर ‘व्यायाम करणारे’ म्हणून यांचं नाव घेतलं जायचं. जिमचा तास मोलाचाच आहे, तो नसता तर हे १.४ वर असते. पण माझे स्वयंपाकाचे आणि केर-लादीचे तास कुणी मोजलेच नव्हते, मीसुद्धा नाही. आता संध्याकाळच्या बसण्यातला एक तास झपझप चालण्याला दिला तर माझा आकडा १.७ च्या पुढे जातो. कपिलेश्वरीच्या बाजूने जायचं ठरवलंय, शेजारच्या दोघी तयार आहेत.

म्हापसा, पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला)

दिवसभर मोटारसायकलवर असतो. रात्री अंग मोडून येतं, त्यामुळे आपलं काम कष्टाचंच असं मानत होतो. मांडल्यावर दिसलं की बाजाराकडे स्टँडवर बसून गिऱ्हाइकाची वाट बघण्यातच किती तास जातात. थकवा येतो तो उन्हाने, धुळीने, ट्रॅफिकने. हालचाल फार थोडी. १.५ सुद्धा धड होत नाही. हातातलं घड्याळ मात्र खड्ड्यांच्या हादऱ्यांनाही पावलं समजतं, त्यावर विसंबू नका. शुक्रवारी बाजार भरतो तेव्हा गाडी लावून थोडं पायी फिरतो, तेवढंच.

सत्तरी, कुळागर (सुपारीची बाग)

सासऱ्यांचा दिवस लिहायला बसले आणि कुठला दिवस लिहू तेच कळेना. पावसाच्या तोंडावर सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) फवारायचं असतं. पाऊस सरला की पाण्याच्या पाटाची डागडुजी, शिंपण, सुपारी उतरवणं. आणि मग सोलायला बसले की सकाळपासून दुपारपर्यंत एका जागी! पीक एकच, पण एका महिन्यात माणूस घामाने निथळतो आणि दुसऱ्यात पाटावरून उठत नाही. म्हणून महिन्यांचा हिशेब केला. कष्टाचे ४ महिने २.१ धरले, बाकीचे ८ महिने १.७. वर्षाची सरासरी १.८३ आली. शेतीवाल्यांनी एका दिवसावर जाऊ नये, ही माझी सर्वांना विनंती. जेवणही तसंच बदलायला हवं. सोलणीच्या दिवसांत फवारणीच्या दिवसांएवढा भात लागत नाही. सासऱ्यांना साखर आहे, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

पणजी, आईसोबत राहणारा मुलगा

मिरामारला मी आणि आई एकाच चालीने चालतो. मी आरामात बोलतो, तिला दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागतो. गुणक दोघांना एकच, पण शरीरावरचा ताण एक नाही. डॉक्टरांनी सांगितलेली खूण अशी: बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम. चार शब्दांत दम लागतो, तो जोराचा. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. आईचा तो आमच्या हळू फेरीतच होतो. मोबाइलवरच्या दहा हजार पावलांसाठी तिला धाप लागेपर्यंत नेणं मी बंद केलं. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रासोबत पसरला, वैद्यकीय मर्यादा म्हणून नव्हे.

पेडणे, गृहिणी

चवथीच्या फुगड्या आणि धालो (बायकांचा रात्रीचा नाच) मोजायचे का? घाम तर तेव्हाच सर्वांत जास्त येतो.

*(त्या रात्रींपुरते जरूर मोजा. रोजच्या आकड्यात मात्र धरू नका, कारण वर्षातल्या बाकी दिवसांत ते नसतात.)*

काणकोण

आकडा आला १.६. मग खायचं किती?

*(आयसीएमआर-एनआयएनने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० साली बैठ्या कामाला १.४, मध्यमला १.८ आणि कष्टाच्या कामाला २.३ धरलं आहे. त्यानुसार ५५ किलोच्या स्त्रीला बैठ्या कामात १६६० आणि मध्यम कामात २१३० किलोकॅलरी, ६५ किलोच्या पुरुषाला २११० आणि २७१०. तुमचा १.६ बरोबर मधोमध येतो, म्हणजे स्त्रीला साधारण १९००. वजन वेगळं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खाणं वा चालणं बदलण्याआधी ही वही डॉक्टरांना दाखवा.)*